डुव्हाल स्ट्रीट सोडा, जेवायला बसा

नाताळच्या सुटीत फ्लोरिडातले मराठी लोक की वेस्टला जातात. मायामीहून गाडीने साधारण २६० किलोमीटर, वाटेत समुद्रावरचे चाळीसहून जास्त पूल, त्यातला एक तर जवळजवळ सात मैलांचा. एवढं अंतर कापून बेटावर पोहोचायचं, दक्षिण टोकाच्या रंगीत ठोकळ्यापाशी रांगेत उभं राहून फोटो काढायचा, लेखक हेमिंग्वेच्या घरातली सहा बोटांची मांजरं बघायची, गावच्या मुख्य रस्त्यावर, डुव्हाल स्ट्रीटवर, प्लॅस्टिकच्या ग्लासातलं गोड-गार काहीतरी घ्यायचं आणि अंधार पडायच्या आत परतीला लागायचं. माझं सरळ म्हणणं आहे : तुम्ही की वेस्ट पाहिलंच नाही, कारण तुम्ही तिथे जेवला नाहीत.

डुव्हाल स्ट्रीटवरचा तो ग्लास ऑर्लँडोतही मिळतो. गायक जिमी बफेटने याच रस्त्यावर १९८७मध्ये मार्गारिटाव्हिल कॅफे काढला, त्याची पुढे साखळी झाली आणि आता तीच खुर्ची, तेच मेनूकार्ड, तेच गाणं अमेरिकाभर आहे. त्यासाठी एवढे पूल ओलांडू नका.

बारमध्ये जायचंच असेल तर हेमिंग्वेच्या नावाचा गोंधळ आधी मिटवू. दोन बार त्याच्यावर हक्क सांगतात. डुव्हाल आणि ग्रीन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ‘स्लॉपी जोज’ हा मोठा, गोंगाटाचा आणि टी-शर्ट विकणारा. तिथून काही पावलांवर, ग्रीन स्ट्रीटवरच, ‘कॅप्टन टोनीज सलून’. हा अंधारा आणि ठेंगणा, मधोमध झाडाचा बुंधा छपरातून वर गेलेला. दोघेही खरं बोलतात, पण पूर्ण खरं नाही. जो रसेल हा दारूबंदीच्या काळात क्युबातून रम आणणारा माणूस. डिसेंबर १९३३मध्ये बंदी उठताच तो उजळ माथ्याने बारमालक झाला. हेमिंग्वे त्याचा मित्र. त्या दोघांची ती वर्षं गेली ती आज कॅप्टन टोनीज असलेल्या जागेत. पत्रकार मार्था गेलहॉर्न, त्याची पुढची बायको, हेमिंग्वेला १९३६च्या डिसेंबरात भेटली तीही तिथेच. मे १९३७मध्ये घरमालकाने भाडं वाढवलं. आठवड्याला एक डॉलर वाढवला, असं गावात सांगतात. रसेल रातोरात कोपऱ्यावर, आजच्या स्लॉपी जोजच्या जागेत गेला. गिऱ्हाइकांनी आपापले ग्लास आणि खुर्च्या उचलल्या आणि त्याच्या मागोमाग चालू लागले. जुन्या बारमधली मुतारी हेमिंग्वेने घरी नेली. ती आजही त्याच्या बागेत आहे, मांजरं तिच्यातलं पाणी पितात. १९३९च्या अखेरीस तो हे गाव सोडून क्युबाला गेलेला होता. म्हणजे वर्षं मोजली तर जुन्या जागेचं पारडं जड. एक बिअर कॅप्टन टोनीजमध्ये घ्या आणि उठा.

भाड्याची ती गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या गावात कोणी कुठे बसावं, कुठे शिजवावं, कुठे झोपावं हे भाडं ठरवतं.

आता चवीकडे. की वेस्टची खरी चव हेमिंग्वेने आणलेली नाही, ती राबणाऱ्यांनी आणली. १८६८मध्ये क्युबात स्पेनविरुद्ध पहिलं युद्ध पेटलं आणि सिगार वळणारे कारागीर दीडशे किलोमीटरची सामुद्रधुनी ओलांडून इथे आले. त्यांच्या कारखान्यांच्या जोरावर १८९०मध्ये हे चिमुकलं बेट फ्लोरिडातलं सगळ्यांत मोठं शहर होतं. त्यांनीच १८७१मध्ये सॅन कार्लोस इन्स्टिट्यूट काढलं. क्रांतिकारक होसे मार्तीने १८९२च्या सुमारास क्युबाच्या स्वातंत्र्यासाठी याच लोकांकडे पैसा आणि माणसं मागितली. संस्थेची १९२४ची देखणी इमारत डुव्हाल स्ट्रीटवरच उभी आहे. तिच्यासमोरून रोज हजारो लोक जातात, त्यांतल्या किती जणांची मान वर होते?

सिगारचे कारखाने गेले, कॉफी राहिली. डुव्हालपासून दूर, व्हाइट स्ट्रीटवर कपडे धुण्याच्या यंत्रांचं एक दुकान आहे आणि त्याच इमारतीत ‘सँडीज कॅफे’ची खिडकी. सकाळी तिथे गवंडी, कोळी, हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या बायका, पोलीस, सगळे एकाच रांगेत असतात. साउदर्ड स्ट्रीटवरचं ‘फाइव्ह ब्रदर्स’ हे कोपऱ्यावरचं किराणा दुकानही तसंच. दुधाची हवी असेल तर कॅफे कॉन लेचे मागा. नुसता कडक गोड घोट हवा असेल तर ‘बुची’ म्हणा, हा गावचा शब्द आहे. सोबत क्युबन सँडविच : भाजलेलं डुकराचं मांस, हॅम, स्विस चीज, लोणच्यातली काकडी, मोहरी, सगळं गरम तव्याखाली दाबून कुरकुरीत केलेलं. सकाळी सातला त्या खिडकीपाशी उभं राहिलात की अख्खं गाव भेटतं. डुव्हालवर रात्री अकराला फक्त पाहुणे भेटतात.

शाकाहारी मंडळी लगेच विचारतील, आमचं काय? तुमची सोय आहे. क्युबन दुकानांत ‘बोयोस’ मिळतात : भिजवलेली चवळी लसणाबरोबर वाटून तळलेले गोळे, आपल्या डाळवड्यांचे भाऊबंद. मूळ पश्चिम आफ्रिकेतलं. गुलामांच्या जहाजांतून क्युबात गेलं आणि तिथून इथे. पिकल्या केळ्याचे तळलेले काप आहेत, उकडलेली युका, म्हणजे कसावाचा कंद, आहे. काळ्या घेवड्याची उसळ दिसेल, पण तिच्यात बऱ्याच ठिकाणी डुकराचं मांस असतं. तळणाच्या तेलाचंही तेच. तोंड उघडून विचारा, लाजू नका.

आता की लाइम पाय, इथला लिंबाचा गोड पदार्थ. यावर मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण हे लिंबू आपलं आहे. ‘की लाइम’ म्हणजे आपलं कागदी लिंबू. तेच झाड, तेच बारीक काटे, तीच पातळ साल. आशियातून अरबांनी पश्चिमेला नेलं, स्पॅनिश लोकांनी कॅरिबियनमध्ये लावलं आणि तिथून ते या बेटांवर आलं. बेटांवर गाई नव्हत्या, बर्फ दुर्मिळ, ताजं दूध मिळत नसे, म्हणून घरोघरी डब्यातलं आटवलेलं गोड दूध. त्यात अंड्याचा पिवळा बलक आणि या लिंबाचा रस घातला की आंबटपणाने दूध आपोआप घट्ट होतं, विस्तवही लागत नाही. अख्खा पदार्थ टंचाईतून जन्मला आहे. त्याचा रंग फिकट पिवळाच असतो. हिरवा पाय समोर आला तर परत पाठवा, कारण त्यात रंग घातलेला आहे. आणि हेही माहीत असू द्या : १९२६च्या चक्रीवादळाने इथल्या बागा झोपल्या त्या पुन्हा नीट उभ्या राहिल्याच नाहीत. फ्लोरिडाने २००६मध्ये या पायला राज्याचा मान दिला, पण त्यातलं लिंबू बहुतेक वेळा मेक्सिकोचं असतं. पाय खाच. फक्त ‘स्थानिक लिंबू’ असं लिहून जास्त पैसे मागणाऱ्याला लिंबू कुठलं ते विचारा.

शंखाचंही तसंच. इथल्या जन्मजात रहिवाशांना ‘काँक’ म्हणतात, म्हणजे शंखातला प्राणी. काँकची भजी प्रत्येक मेनूवर आहेत. पण हा राणीशंख इतका उपसला की तो जवळजवळ संपला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यापासून फ्लोरिडात तो पकडायला पूर्ण बंदी आहे. भज्यातलं मांस बाहेरून येतं, मुख्यतः बहामातून. मी तरी ते मागवत नाही. इथलीच गुलाबी कोळंबी खा. १९४९-५०च्या सुमारास ड्राय टॉर्टुगास बेटांजवळ तिचे थवे सापडले आणि खंगलेल्या बंदराला पुन्हा काम मिळालं. बंदरावरचा ‘हाफ शेल रॉ बार’ ही जुनी कोळंबी भरण्याचीच जागा. बोटी मात्र आता तिथे नाहीत, त्या शेजारच्या स्टॉक आयलंडवर गेल्या. जुन्या बंदरात नौकाविहाराच्या बोटी लागतात, कारण धक्क्याचं भाडं त्यांना परवडतं.

बहामातून आलेल्या कृष्णवर्णीयांची वस्ती म्हणजे बहामा व्हिलेज. तिथल्या टॉमस स्ट्रीटवर ‘ब्लू हेवन’ आहे : मातीचं अंगण, झाडांची सावली, पायांत घोटाळणाऱ्या कोंबड्या, की लाइम पायवर हातभर उंच फेसाळ पांढरा थर. याच अंगणात एकेकाळी मुष्टियुद्धं होत आणि हेमिंग्वे पंच म्हणून उभा राहत असे. न्याहारी सुरेख असते, रांग लांब असते. रांगेत उभे असाल तोवर त्या दोन-चार गल्ल्या चालून या. घरं रंगवलेली आहेत, पण ज्यांच्या आज्यापणज्यांनी ती बांधली त्यांतली कितीतरी कुटुंबं किमती आणि कर न पेलवून निघून गेली आहेत.

रात्रीसाठी एकच नाव सांगतो : व्हाइटहेड आणि साउदर्ड स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचा ‘ग्रीन पॅरट’. जेवण नाही, फुकट पॉपकॉर्न आणि चांगलं जिवंत संगीत. आधी जेवून जा.

पाहुण्यांच्या गर्दीने आपलं काय होतं हे गावाला कळत नाही असं समजू नका. नोव्हेंबर २०२०मध्ये की वेस्टच्या मतदारांनी ६० टक्क्यांहून जास्त मतांनी ठरवलं की प्रचंड क्रूझ जहाजं नकोत आणि दिवसाला १५०० पेक्षा जास्त प्रवासी उतरायला नकोत. जहाजावरचा माणूस जहाजावरच जेवतो, गावात फक्त तो ग्लास घेतो. २०२१मध्ये राज्य सरकारने कायदा करून हा कौल रद्द केला. लोकांनी स्वतःच्या धक्क्यापुरता दिलेला कौल राजधानीत बसून पुसला, हा उघड अन्याय आहे.

आणि आता पैशांचं. वादळाच्या वेळी रहिवाशांना साधारण एका दिवसात बाहेर काढता यायला हवं, म्हणून या बेटांवर नव्या घरांच्या परवानग्यांवर कडक मर्यादा आहे. कारण योग्यच आहे, पण त्यामुळे आहे त्या घरांचं भाडं आभाळाला भिडलं आणि तुम्हाला वाढणारी कितीतरी माणसं लांबच्या बेटांवरून, थेट मुख्य भूमीवरूनही बसने ये-जा करतात. फ्लोरिडात बक्षिशी मिळणाऱ्या कामगाराला किमान वेतनापेक्षा तासाला ३.०२ डॉलर कमी देण्याची मालकाला मुभा आहे. तो फरक टेबलावरच्या गिऱ्हाइकाने भरायचा असतो. आपल्यातले बरेच जण बिल आल्यावर दहा टक्क्यांवर घासाघीस करतात. की वेस्टला वीस टक्के ठेवा. काही हॉटेलं ही रक्कम बिलातच धरतात, तेव्हा बिल आधी वाचा. खिडकीवरच्या कॉफीलाही एक डॉलर बरणीत टाका. तेवढी ऐपत नसेल तर ठोकळ्यापाशी फोटो काढा आणि मायामीला जाऊन जेवा.