चार गुडघे, एक टॉवेल

आमच्या मामांनी 36 वर्षं रेल्वेची इंजिनं चालवली. रिटायर झाले, सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला, आणि दुसऱ्याच महिन्यात त्यांनी पुन्हा गाडी चालवायला घेतली. मोबाइलवर. दुपारचं जेवण झालं की ते खुर्चीत ताठ बसतात, चष्मा पुसतात आणि रेल्वे चालवायचा गेम लावतात. त्या वेळी मामींनी चहाचं विचारायचं नाही, कारण 'सिग्नल बघू लागलोय'. खऱ्या रुळांच्या कडेला पिवळ्या पाटीवर 'सी/फा' लिहिलेलं असतं: सीटी, फाटक. गेममध्ये पाटी असो नसो, फाटक दिसलं की मामा शिट्टी देतात. आमचं पूर्णा जंक्शनचं गाव आहे, शिट्टीचं कुणाला काही वाटत नाही. पण शिट्टी स्टेशनातून आली की मामांच्या माडीवरून, हे आता गल्लीत ओळखू येत नाही.

माझा मुलगा एकदा त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याला राहवेना. "आजोबा, स्पीड वाढवा ना. बोनस भेटतो."

"बोनस दसऱ्याला भेटतो," मामा म्हणाले. "लाल पास केला की चार्जशीट भेटतं."

माणूस गेम खेळतो तरी कशासाठी, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "काम नसतं म्हणून." हे उत्तर मला बरेच दिवस पुरलं. मग कळलं की या प्रश्नावर इंग्लंडमध्ये काही लोक सहा महिने भांडले होते.

झालं असं, की 1978 साली, म्हणजे आमच्या लोको शेडमध्ये अजून वाफेची इंजिनं धूर काढत होती तेव्हा, तिकडे एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ नावाच्या विद्यार्थ्याने कॉम्प्युटरवर एक खेळ रचायला घेतला. रिचर्ड बार्टल त्याला येऊन मिळाला. खेळाचं नाव मड. चित्र एकही नाही, नुसती अक्षरं. 'तुम्ही रस्त्यावर उभे आहात' असं पडद्यावर यायचं आणि खेळणाऱ्याने आपण उभे आहोत असं मानायचं. पण एकाच वेळी अनेकांना त्यात शिरता यायचं, आणि माणसं जमली की मतभेद आलेच. नोव्हेंबर 1989 ते मे 1990 त्या खेळाच्या पुढच्या अवतारातल्या मुरलेल्या मंडळींत एकच वाद चालला होता: लोकांना यात नेमकं हवं काय असतं? सहा महिने! आमच्याकडे इतका लांब वाद फक्त बांधावरून होतो, आणि त्यातून निष्पन्न काही होत नाही. बार्टलने मात्र त्या वादातून खेळाडूंचे चार प्रकार काढले आणि 1996 साली त्यावर निबंध लिहिला. प्रकारांना त्याने पत्त्यांचे चार रंग दिले.

चौकट म्हणजे हिरा, म्हणून कमाई करणारा: गुण, पातळी, खजिना. इस्पिकाला इंग्रजीत फावडं म्हणतात, म्हणून खणणारा: कोपरे शोधायचे, खेळ आतून कसा चालतो ते बघायचं. बदाम म्हणजे काळीज, म्हणून माणसांसाठी येणारा. आणि किलवर म्हणजे सोटा, म्हणून दुसऱ्याच्या डोक्यात घालणारा. यातल्या तीन कोट्या मराठीत आणता आणता सांडतात. चौथीला भाषांतराची गरजच नाही. किलवरात किल आपल्याकडे आधीपासूनच बसलेलं आहे.

हे वाचलं आणि मला सकाळची नांदेडची गाडी आठवली. मी 20 वर्षं पूर्णा-नांदेड अपडाऊन केलं. समोरासमोरच्या बाकांवर चौघं बसायचे, चार गुडघ्यांवर टॉवेल ताणायचे आणि मेंढीकोट सुरू. चुडाव्यापर्यंत हुकूम ठरलेला असायचा, लिंबगावपर्यंत कुणाचं तरी तोंड उतरलेलं असायचं. त्या टॉवेलभोवती बार्टलचे चारही रंग रोज हजर.

एक बँकेतले साहेब. ते खिशातल्या डायरीत निकाल लिहायचे. कुणी किती मेंढ्या धरल्या, कुणावर किती कोट चढले, सगळं तारीखवार. प्रमोशनच्या परीक्षेला ते कधी बसले नाहीत, पण डायरी 11 भरल्या. चौकट. दुसरे एक मास्तर. त्यांना जिंकण्याची फिकीर नव्हती, कुठली पानं पडून गेली आणि कुणाच्या हातात काय उरलं हे मनात मांडायचं. डाव संपायच्या आधी ते चौघांची पानं सांगून मोकळे व्हायचे आणि मग त्यांना खेळण्यात रस उरायचा नाही. इस्पिक. तिसरे कापडदुकानातले. हुकूम काय आहे हे ते लिंबगाव आल्यावर विचारायचे. कारण तोवर कुणाच्या मुलीचं कुठे जमलं, कुणाच्या सोयाबीनला काय भाव लागला, हे चालू. भागीदाराने डोक्याला हात लावला तर त्यालाच विचारायचे, "बीपी वाढलंय का?" त्यांच्या हातात पत्ते होते, कारण नुसतं बोलायला बसलं तर लोक उठून जातात.

आणि चौथे. त्यांना स्वतः जिंकण्यात आनंद नव्हता. चारही दश्श्या धरून समोरच्यावर मेंढीकोट चढवायचा, आणि मग खिडकीबाहेर बघत हळू आवाजात म्हणायचं, "होतं असं कधीकधी." नांदेडच्या प्लॅटफॉर्मवर समोरच्याचा चेहरा पडलेला दिसला की त्यांचा दिवस चांगला जायचा.

टॉवेलच्या जागी यंत्र असलं तरी रंग तेच. आमच्या लहानपणी स्टेशन रोडच्या बाजूला रुपयाचं नाणं टाकून खेळायचं मशीन आलं. त्यातल्या एका गेमला सगळं गाव 'मुस्तफा' म्हणायचं. मुस्तफा हे त्यातल्या एका गड्याचं नाव, आणि गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' असून तो जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 साली काढला, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. कळून काही उपयोग झाला नाही. घरी टीव्हीला जोडायचा गेम आला, त्याच्या कॅसेटवर '9999999 इन 1' छापलेलं असायचं. आमच्यातला एक इस्पिक होता. त्याने दोन दिवस एकेक नंबर उघडून बघितला आणि जाहीर केलं की गेम एकूण सात आहेत, बाकी नुसती नावं. त्यानेच नांदेडच्या आतेभावाकडून काँट्रा नावाच्या गेमचा मंत्र आणला: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. तीन जीवांचे तीस जीव होतात. हा मंत्र पूर्ण्यात रामरक्षेपेक्षा जास्त मुलांना पाठ होता. भारनियमनापुढे मात्र तीसही जीव एकदमच जायचे.

पब्जीचा काळ माझ्या मुलाचा. तो सगळ्यांना मारतो असं मला वाटायचं. एकदा अर्धा तास मागे उभा राहून बघितलं तर याने एकही गोळी झाडली नव्हती. जीपमध्ये मागे बसला होता आणि कानात हेडफोन घालून बोलत होता. जीप चालवणारा मित्र पुण्याला कंपनीत, दुसरा हैदराबादला, तिसरा इथेच चार घरं सोडून. "भाडं किती पडू लागलंय?" "डबा कसाय?" "आई काय म्हणते?" मधेच कुणी मारून टाकलं की "अरे मेलो" म्हणायचे आणि विषय पुढे. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने गेमवर बंदी आणली तेव्हा मी समजावलं, की फोन कर की मित्रांना, बोला निवांत. त्याने एकाला केला. दोघंही दीड मिनिट "अजून काय" म्हणत राहिले आणि ठेवला. मला कापडदुकानवाले आठवले. हाताला काही काम असल्याशिवाय पुरुषमाणसाला मनातलं बोलता येत नाही. टॉवेल तरी लागतो नाहीतर जीप तरी.

तो गेम पुढे नाव बदलून 2 जुलै 2021 ला परत आला, 28 जुलै 2022 ला पुन्हा गायब झाला, मे 2023 मध्ये पुन्हा उगवला. मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे अंशतः रद्द."

पण खरा किलवर मला घरातच सापडला. लॉकडाऊनमध्ये आम्ही लुडो किंग घेतला. नवी मुंबईच्या कंपनीने केलेला गेम, 2020 साली घरोघर चालला. आमच्या डावात आई, बहीण, बायको आणि मी. बायको मुंग्यांना साखर घालणारी बाई. तिने पहिल्याच डावात आईची गोटी घराच्या दारापासून चार पावलांवर असताना मारली. पर्याय होता, दुसरी गोटी सुखाने पुढे नेता आली असती. मारली, आणि पदर नीट करत म्हणाली, "आत्या, खेळ आहे." लग्नाला 18 वर्षं झाली होती. त्या एका गोटीत किती वर्षांचा हिशेब होता ते मी विचारलं नाही. मग बहिणीची मारली. तिसऱ्या दिवशी बहिणीचं डोकं दुखायला लागलं, चौथ्या दिवशी आईला जपाची आठवण झाली. बार्टलने लिहूनच ठेवलंय: किलवर वाढले की बदाम निघून जातात. उरलो मी. माझी रोज मारते.

अर्थात माणूस एकाच रंगाचा नसतो. निक यी नावाच्या संशोधकाने 2006 साली 3000 खेळाडूंच्या उत्तरांवरून तेच दाखवलं: या ओढी एकमेकींना वगळत नाहीत, एकाच माणसात शेजारी शेजारी नांदतात. बँकेतल्या साहेबांची बदली झाली त्या दिवशी त्यांनी डायरी आणली नव्हती आणि नांदेड येईपर्यंत नुसते बोलत बसले होते.

मामांचा रंग मात्र मला लागेना. त्यांना विचारलं, "स्कोअर किती झाला?" स्कोअर असतो हे त्यांना माहीतच नव्हतं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा फिरतो, तो त्यांना किलोमीटरचा वाटायचा. त्यांची एकच तक्रार: यात आपली अकोल्याची लाइन नाही, आणि ती पण मीटरगेज पाहिजे. ती 2008 साली ब्रॉडगेज झाली. वसमत, हिंगोली, वाशिम असं ते बोटावर मोजत गेले आणि कुठल्या चढावर इंजिन दमायचं तेही सांगितलं.

आणि माझा रंग? तो बार्टलच्या जुडीत नाही. 20 वर्षांत त्या टॉवेलचा पाचवा कोपरा मी कधी धरला नाही. मी बाकाच्या पाठीला टेकून उभा असायचो आणि म्हणायचो, "दश्शी टाका, दश्शी!" कॅसेटच्या काळात रिमोट दुसऱ्याच्या हातात आणि "उडी मार, उडी मार" माझं. परवाही मुलाच्या मागे उभा होतो. "झाडामागं बघ. झाडामागं कुणीतरी आहे." त्याने झाडाकडे बघितलं आणि घराच्या छतावरून कुणीतरी त्याला टिपलं. पोराने हेडफोन काढून माझ्याकडे नुसतं बघितलं.

खुर्चीतून मामा म्हणाले, "इंजिनच्या कॅबमध्ये दोघंच असतात. तिसऱ्यानं खाली उतरायचं."

मी उतरून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. पुढे पिवळा दिसत होता. मी म्हणालो, "मामा, ब्रेक."

त्यांनी मान न वळवता शिट्टी दिली.