सिलिंडरच्या तोंडी लागू नये

शिडाच्या होडीतून जग पाहायला निघालेल्या माणसाच्या शत्रूंची यादी करायची म्हटलं, की वादळ, चाचे, रात्री पाण्यावर तरंगत येणारे कंटेनर अशी भारदस्त नावं सुचतात. माझ्या यादीत पहिला मान स्वयंपाकाच्या गॅस सिलिंडरच्या तोंडाला आहे. समुद्राच्या बाबतीत जगानं, भांडत का होईना, बरीच एकी केली आहे. संकटात हाक मारायची ती व्हीएचएफच्या १६ नंबरच्या चॅनलवर, मग बंदर रत्नागिरी असो की मार्सेय. बंदरात शिरताना लाल बोया डाव्या हाताला ठेवायचा की उजव्या, यावर एकमत झालं नाही, तरी तट दोनच पडले: दोन्ही अमेरिका, जपान, कोरिया, फिलिपिन्स एकीकडे आणि बाकी सगळे दुसरीकडे. सिलिंडरच्या तोटीपाशी मात्र प्रत्येक देशाला आपलं सार्वभौमत्व आठवतं.

आपल्याकडे घरगुती सिलिंडरवर रेग्युलेटर खटकन बसतो, म्हणून या छळाची आपल्याला कल्पना येत नाही. भूमध्य समुद्रात ठिकठिकाणी दिसणारा कॅम्पिंग गॅझ कंपनीचा निळा ९०७ सिलिंडर घ्या. त्यात पावणेतीन किलो ब्युटेन मावतो आणि त्याचे आटे सरळ असतात. ब्रिटनच्या लाल प्रोपेन सिलिंडरचे आटे उलटे. म्हणजे एकाच होडीवर दोन्ही असले, तर एक आवळताना हात जिकडे फिरतो तिकडेच दुसरा सैल होतो, आणि हे साधारणपणे अंधारात, होडी कलंडलेली असताना करायचं असतं. अमेरिकेचा सिलिंडर आणखी वेगळ्या जोडणीचा. स्पेनमध्ये साडेबारा किलोची नारिंगी बोंबोना गल्लोगल्ली दिसते, पण ती रीतसर हवी तर करार करा, पत्ता द्या, घरातली गॅसची जोडणी तपासून घेतल्याचा दाखला दाखवा. रेशनकार्डाशिवाय कनेक्शन मागायला गेलेल्या भाडेकरूसारखी होडीवाल्याची अवस्था होते. त्याचा पत्ता दर आठवड्याला बदलतो, आणि तोही अक्षांश-रेखांशात.

यावर हुशार मंडळी म्हणतात, मग अडॅप्टर घ्या. घ्यावेत, पण अडॅप्टर तोंडं जुळवतो, पोटं जुळवत नाही. ब्युटेन शून्य अंशाच्या जरासा खाली उकळतो, प्रोपेन उणे ४२ अंशाला. त्यामुळे नॉर्वेच्या थंडीत ब्युटेनचा भरलेला सिलिंडरही मख्ख बसून राहतो. आत द्रव डुचमळत असतो आणि वर ज्योत मिणमिणते. उलट, प्रोपेनचा दाब त्याच तापमानाला ब्युटेनच्या तीन-चार पट. ब्युटेनसाठी घडवलेल्या सिलिंडरात प्रोपेन भरून तो उन्हात ठेवणं म्हणजे विम्याच्या एजंटाला अबोल करण्याचा खात्रीचा उपाय. तरीही काही कसबी लोक गॅस स्वतःच ओतून घेतात. स्थानिक भरलेला सिलिंडर उलटा करून बूमला, म्हणजे शिडाच्या आडव्या दांड्याला, टांगायचा, आपला रिकामा खाली थंड पाण्यात ठेवायचा आणि मधे नळी जोडायची. वरचा तापतो, खालचा निवतो आणि द्रव खाली उतरतो. पदार्थविज्ञान म्हणून हा प्रयोग सुंदर आहे. पण द्रवाला प्रसरणासाठी जागा लागते, म्हणून सिलिंडर ८० टक्क्यांच्या वर भरायचा नसतो, आणि ८० टक्के कुठे झाले हे पोलादाच्या भिंतीतून दिसत नाही. भरण्यापूर्वी आणि नंतर वजन करा, हे त्यावरचं उत्तर. फक्त ते डोलणाऱ्या होडीवर करून दाखवावं.

मग साठाच मोठा ठेवला तर? तिथे गॅसचा स्वभाव आडवा येतो. तो हवेपेक्षा जड. घरात गळती झाली तर आपण दारं-खिडक्या उघडतो. होडीला तळाशी दार नसतं, असलं तर होडी नसते. गळलेला गॅस तळाशी साचून ठिणगीची वाट पाहत बसतो आणि तो पाण्यासारखा हातपंपानं उपसावा लागतो. म्हणून सिलिंडरांना डेकवर वेगळा, आतून हवाबंद आणि तळाशी बाहेर निचरा असलेला कप्पा करतात. तो कप्पा जेवढा, तेवढाच साठा.

सगळ्यात वजनदार आक्षेप विजेचा आहे: सोलर पॅनल लावा, इंडक्शन घ्या, कटकट मिटली. यात तथ्य आहे, आणि ऐसपैस छपराच्या कॅटामरानवर तर फारच आहे. पण हिशोब बघा. किलोभर गॅसमध्ये सुमारे पावणेतेरा युनिट ऊर्जा असते. आगीची निम्मी उष्णता वाया जाते असं धरलं, तरी भांड्यात सहाएक युनिट पोचतात. शंभर अँपिअर-तासांची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी सव्वा युनिटाची. इंडक्शनही थोडं खातंच. म्हणजे एका किलोला पाच-सहा बॅटऱ्या, आणि त्यांवर फ्रीज आणि ऑटोपायलटचा हक्क आधीचा. चार दिवस ढग राहिले, तर सुकाणू चालवायचं की आमटी उकळायची, असा प्रश्न पडतो. तेव्हा ऊन असताना इंडक्शन आणि नसताना गॅस, एवढीच तडजोड मला पटते.

पण या सगळ्या उपायांत एक गृहीतक आहे, की गॅस लागणार तेवढा लागणारच. मला तेच मान्य नाही. मध्यम ज्योतीवर ९०७ सिलिंडर सतरा-अठरा तास जळतो. उघड्या पातेल्यात छोले शिजवणाऱ्याला हे तास म्हणजे काहीच नाहीत. भिजवलेले छोले कुकरला लावणाऱ्याला ते पुष्कळ पुरतात. शिवाय कुकरचं झाकण घट्ट बसतं, त्यामुळे लाट आली तरी आमटी भांड्यातच राहते. जुन्या दर्यावर्दींच्या होड्यांवर कुकर दिसतो तो उगाच नाही. त्यापुढची पायरी म्हणजे विस्तवच न लागणारं जेवण, आणि इथे मराठी स्वयंपाकघराला कुणापुढे मान खाली घालायचं कारण नाही: बिनफोडणीचे दडपे पोहे, गूळ घालून कालवलेलं सातूचं पीठ, दह्यात मेतकूट. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंत सुमारे तीन आठवडे लागतात. त्यांतले निम्मे दिवस एका वेळेला असं काही खाल्लं, तर पलीकडच्या किनाऱ्यावर उतरल्याउतरल्या अडॅप्टर शोधत फिरावं लागणार नाही. होडीवर दोघं असतील, तर कुकरच्या शिट्ट्या मात्र एकानंच मोजाव्यात. दोरांतून वाराही शिट्ट्या घालत असतो, आणि दोघांचा आकडा जुळत नाही.