बांधावरून

डिसेंबरात असोद्याला मावशीकडे भरीत खायला जाणं हा आमच्याकडे जवळजवळ कुळाचारच. कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी-पांढरट वांगी आणि भोवती धुरानं डोळे चोळणारे नातेवाईक. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. यंदा मानांकनाची पाळी माणसांची होती, कारण पुण्याहून मावशीची नात आली होती.

ती शिकते कॉमर्स, पण मानसशास्त्र तिला मोबाईलनं शिकवलंय. मावशीची पितळी भांडी ओळीत लावलेली दिसली, की ओसीडी. काका न बोलता शेव चघळत बसले, की डिप्रेशन. गोऱ्हा सकाळी गरीब आणि दुपारी मारका, म्हणून तो बायपोलर. काकांनी 'मीठ आणायला तू सांगितलंच नव्हतं' म्हटलं, तर लगेच गॅसलाइटिंग.

हा शब्द मात्र तिनं रंगवून सांगितला. पॅट्रिक हॅमिल्टनचं 1938 सालचं नाटक. नवरा वरच्या मजल्यावर चोरून गॅसचे दिवे लावतो, त्यानं खालचे मंदावतात, आणि बायकोला तो पटवत राहतो की तुझंच डोकं फिरलंय. मावशीनं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाली, "इथं दिवा मंद झाला तं नवऱ्यावर नाही, डीपीवर संशय येतो."

मावशीकडे मनाचे शब्द कमी नाहीत. जीव खालीवर होतो, घोर लागतो, धसका बसतो, मन उडतं, माणूस हाय खातो. सगळा कारभार क्रियापदांचा. लागलेला घोर सुटतो, बसलेला धसका निघतो. नातीचे शब्द नामांचे. ते कपाळावर चिकटतात आणि आंघोळीनंही जात नाहीत. आता भांडी ओळीत लावणं म्हणजे ओसीडी नव्हे, हे तिला कोण सांगणार? लावलेली कडी पुन्हापुन्हा तपासण्यात ज्याचे तासन्‌तास जातात, त्याला विचारावं. त्याच्यासाठी मराठीत मंत्रचळ असा सुंदर शब्द आहे. तो कुणी मिरवायला घेत नाही, एवढंच. छिन्नमनस्कतेचं नशीब आणखी वाईट. ब्लॉयलरनं 1908 मध्ये ग्रीकातून 'स्किझोफ्रेनिया' घडवला, आपण त्याचा शब्दशः तर्जुमा केला, आणि लोक समजले एका माणसात दोन माणसं राहतात.

पण मावशीच्या शब्दांचं फार कौतुक करायलाही माझी जीभ अडखळते. आमच्या नात्यातली एक बाई बाळंतपणानंतर दोन वर्षं भिंतीकडे तोंड करून बसायची. 'बाहेरचं झालंय' म्हणून तिला या देवाकडून त्या देवाकडे फिरवलं. डॉक्टरचं नाव निघालं तेव्हा बाळ चालायला लागलं होतं. तेव्हा कुणी नात येऊन एखादं नाम चिकटवून गेली असती, तर बरंच झालं असतं. आता 14416 फिरवला की टेलिमानस या मदतवाहिनीवर मराठीतून बोलता येतं. हा नंबर मी मावशीच्या कॅलेंडरवर गॅसच्या नंबराखाली लिहून आलो.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या 2013 सालच्या जाडजूड ग्रंथात झिंबाब्वेच्या शोना भाषेतला एक शब्द आहे, कुफुन्गिसिसा. अर्थ : फार विचार करणं. मी हे सांगताच मावशी उसळली, "मंग मी काय म्हनू ऱ्हायली? इचार करू करूच मानूस सुकतं!" त्याच देशात 2006 पासून आज्यांना शिकवून बाकावर बसवलंय, लोक येतात, मन मोकळं करतात. मावशीला यात नवल वाटलं नाही. फक्त बाक कशाला, ओटा नाही का त्यांच्याकडे, एवढंच तिनं विचारलं.

मावशीच्या याच असोद्यात 24 ऑगस्ट 1880 रोजी कवयित्री बहिणाबाई जन्मल्या. अक्षरओळख नव्हती, गाणी पुस्तकात आली ती त्या गेल्यावर, 1952 साली. मनावरचं त्यांचं गाणं मला नेहमी एका गोष्टीसाठी आवडतं : बाई मनाला एक उपमा देते, ती पुरत नाही म्हणून दुसरी, मग तिसरी. निदान काही करत नाही.

जेवताना मात्र ठिणगी पडली. नातीची बॅग मावशीनं परस्पर उघडून कपडे घडी घालून ठेवले होते. "आजी, तू माझ्या बाउंड्रीज क्रॉस करतेस!"

मावशीचा घास हातात राहिला. "बाउंड्री म्हंजे बांध ना? मी कोनाचा बांध कोरला व माय?" खानदेशात बांध कोरल्याचा आरोप म्हणजे तालुक्याच्या कोर्टापर्यंतचं काम. काका प्रथमच बोलले : "मोजनी करून घ्या." रात्री मावशी बराच वेळ कूस बदलत होती.

सकाळी नातीच्या खोलीचं दार लोटलेलं. मावशी चहाचा कप घेऊन उंबऱ्याशी थांबली, घसा खाकरला.

"बांधावर उभी हाये. येऊ का मधी?"