विनापरवाना तोफखाना

आमच्या गॅलरीत झाडांचे दोन वर्ग आहेत. एक पैसे मोजून आणलेल्यांचा, दुसरा आपण होऊन आलेल्यांचा. पहिल्या वर्गाला शेणखत, निंबोळी पेंड, सकाळचं कोवळं ऊन आणि आमच्या हिचं गोड बोलणं मिळतं (जे मला मिळत नाही), तरी तो माना टाकतो. दुसऱ्याला काही म्हणता काही मिळत नाही आणि त्याचं झकास चाललेलं असतं. या दुसऱ्या वर्गाचा पुढारी म्हणजे पायलिया मायक्रोफायला.

नावाला घाबरू नका, तुमची ओळख आहे. कुंडीच्या कडेला, मोरीच्या जाळीपाशी, जिन्याच्या ओल धरलेल्या कोपऱ्यात पोपटी रंगाचं जे बोटभर रान माजतं, तेच हे. देठ इतका पाणीदार की उजेडात धरला तर आरपार दिसेल. पानं तांदळाच्या कणीएवढी. पेरापेरावर समोरासमोर दोन, त्यांतलं एक हटकून मोठं आणि दुसरं लहान. वाटणीच्या वेळी थोरल्याने हात मारावा तसं.

खानदान मात्र जहाल. सह्याद्रीच्या रानात आग्याला चुकून हात लागलेला माणूस ते जन्मभर विसरत नाही. त्याचे पोकळ, टोकदार केस कातडीत मोडतात आणि अंगाची आग आग होते. गढवालातली कंडाली याच कुळातली. तिथले लोक तिची भाजी करून खातात, हा त्यांचा पराक्रम. अशा घरात जन्मून आमचा पायलिया कुणाला टोचत नाही, खाजवत नाही. सगळे म्हणतात, किती गरीब!

गरीब कसला, अंगात तोफखाना बाळगून आहे. याची फुलं टाचणीच्या डोक्याहून लहान. नरफुलाच्या कळीत पुंकेसर आत वाकून, ताण धरून बसलेले असतात. कळी उमलली की ते फाडकन सरळ होतात आणि परागकणांचा पांढुरका धूर उडतो. इंग्रजीत याला ‘आर्टिलरी प्लांट’ म्हणतात ते यावरूनच. मादीफुलंही मागे नाहीत. पिकलेलं बी ती अशीच भिरकावतात. म्हणजे आज मोगऱ्याच्या कुंडीत, तर उद्या तुळशीत.

मूळ गाव अमेरिकेचा उष्ण प्रदेश. लिनीअसने १७५९ मध्ये याची शास्त्रीय नोंद केली, तेव्हा दुसऱ्याच वंशात घातलं होतं. पुढे शास्त्रज्ञांनी वंश बदलला. याने त्याची दखल घेतल्याचं दिसत नाही.

“हे लावलं कोणी?” हिने एकदा विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग जगलं कसं?”

“म्हणूनच.”

त्यानंतर माझा चहा उशिरा आला. शेजारचे काका मात्र म्हणाले, “उपटू नकोस रे, मुतखड्यावर रामबाण आहे.”

“तुम्ही घेऊन बघितलंत?”

“मला कुठे मुतखडा आहे!”

तेव्हा काकांचं ऐकून काढा करू नका. करायचंच असेल तर एक करा. फुलं आली की ऊन असताना त्यांवर पाण्याचा हलका फवारा मारा आणि भिंग घेऊन बसा. नशीब असेल तर तोफा उडताना दिसतील. आणि ज्यांना हे रान नकोच आहे, त्यांनी ते फुलं यायच्या आत उपटावं. बी धरल्यावर उपटणं म्हणजे फुकटात पेरणी करून देणं.