उंदराला हळद लागली

कुणाला सांगणार नसाल तर सांगतो. वाळवा तालुक्यातल्या ऊसवाल्या घरात जन्मलो, एवढ्याच भांडवलावर मी इंग्लंडात, नॉरिचमध्ये, उंदरांचा जाणकार म्हणून मिरवत होतो. इथं ऊस नाही, साखरेचं बीट. पण मार्च-एप्रिलमध्ये पेरलेलं त्याचं बी रानउंदीर रातोरात उकरून खातात हे वाचलं आणि गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. आमच्याकडे घुशी उसाचे बुडखे कुरतडतात, आडव्या पडलेल्या उसात, पाचटाखाली आसरा धरतात आणि तोड झाली की शेजारच्या रानात बिऱ्हाड हलवतात, हे चहाला येणाऱ्या प्रत्येकाला मी बिस्किटांआधी ऐकवायचो.

त्यामुळे आमच्याच ओट्यावर लेंड्या दिसल्यावर बायको "अहो, माणूस बोलवा" म्हणाली, तो मला घराण्याचा अपमान वाटला. ऑक्सफर्डमध्ये चार्ल्स एल्टननं प्राण्यांची संख्या का वाढते, का घटते हे शोधायला 1932 साली खास संस्था काढली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात धान्य वाचवायला तीच संस्था उंदरांच्या मागे लागली होती. मग मी काय माणूस बोलवू?

"आधी मोजणी, मग बंदोबस्त," मी बजावलं.

पुस्तकातली रीत सोपी. उंदीर पकडायचा, खूण करून सोडायचा आणि पुन्हा सापडतील त्यांत खुणेचे किती, यावरून एकूण आकडा काढायचा. मी शेंगदाण्याचा लाडू लावून पिंजरा मांडला, सापडलेल्या उंदराच्या शेपटीला गजांतून हळद फासली, त्यात ओटा, सदरा आणि घरमालकाचा पांढरा पडदा पिवळा केला, थंडीत कुडकुडत त्याला बागेच्या टोकाला सोडून आलो, आणि पुढच्या चारही रात्री तीच पिवळी शेपटी पिंजऱ्यात पाहून वहीत उत्तर लिहिलं.

घरात एकूण उंदीर: एक.

तीन आठवड्यांनी डाळींच्या डब्यांमागे सहा पिल्लं निघाली. मग पुस्तकात पुढचं पान वाचलं: काही उंदीर आमिषाला चटावतात, पुन्हा पुन्हा तेच सापडतात आणि मोजणी कमी भरते. बाकीचे पिंजऱ्याकडे फिरकतच नाहीत. त्यात घरातल्या उंदरीणबाईंचे दिवस जेमतेम तीन आठवड्यांत भरतात, हेही तिथंच होतं.

बायकोनं पडदा भिजत घातला आणि शांतपणे म्हणाली, "हळद तुम्हीच लावलीत ना? आता बारशाचंही बघा."