हत्यारांची पेटी किती मोठी करावी : शास्त्रोक्त मार्गदर्शन

कोलाडच्या आसपास कुंडलिकेच्या काठी बंगला बांधून निवृत्त झालेला गृहस्थ पहिल्या वर्षी भाजीपाला लावतो, दुसऱ्या वर्षी राफ्टिंगवाल्यांच्या आरडाओरड्यावर चिडतो आणि तिसऱ्या वर्षी सुतारकामाकडे वळतो. हा क्रम सहसा चुकत नाही. वळल्यावर तो पाट करत नाही, चौरंग करत नाही. हत्यारे ठेवायला सागवानी पेटी करायला घेतो. सदर मार्गदर्शन अशा सज्जनांसाठी आहे. ज्यांचे पोट सुतारकामावर आहे त्यांनी ते वाचू नये. त्यांच्याकडे गोणपाट आहे आणि त्यांचे बरे चालले आहे.

प्रथम स्थानमाहात्म्य. मापाच्या बाबतीत कोलाडचा शब्द प्रमाण मानावा. मालाने भरलेला ट्रक उचलून रेल्वेच्या वॅगनवर बसवायची कोकण रेल्वेची रो-रो सेवा 1999 मध्ये सुरू झाली ती इथून, वेर्ण्यापर्यंत. 2025 च्या गणपतीत तर खासगी मोटारीही याच वाटेने नेल्या. ट्रक कोणाचाही असो, ठरल्या उंचीत बसला तरच वर चढतो, कारण पुढे बोगदे आहेत आणि बोगदे कोणाच्या ओळखीने रुंद होत नाहीत. आधी माप, मग माल हा धडा इथल्या क्लीनरच्या पोरालाही पाठ आहे. तो बंगल्यात राहायला आलेल्या निवृत्त अभियंत्याला पाठ नसतो, म्हणून पुढचा मजकूर.

लांबी करवत ठरवते. इथे मतभेदाला जागा नाही. 24 इंची पात्याची करवत मुठीसकट 28 इंचांच्या आसपास जाते, म्हणजे पेटी आतून 30 इंच तरी हवी. लांब रंधा 22 इंचांचा, तो मुकाट्याने बसतो. पटाश्या, गुण्या, वाकस, गिरमिट, हातोडी ही गरीब मंडळी; कुठेही पडून राहतील. काही चतुर लोक आतून 24 बाय 16 ची सुटसुटीत पेटी करून करवत तिरपी घालतात. कर्ण 28.8 इंच भरतो, पायथागोरसला बरे वाटते, शेजाऱ्याला बोलावून दाखवले जाते. मग करवतीवर रंधा येतो, रंध्यावर पटाश्या, पटाश्यांवर खिळ्यांचा डबा. रोज लागणारी वस्तू एकच, करवत, आणि ती सगळ्यांत खाली. दोन महिन्यांत ती पेटीबाहेर, दाराच्या मागच्या खिळ्याला लटकू लागते. पेटी मात्र सुटसुटीत राहते हे मान्य करायला हवे.

रुंदी आणि उंचीसाठी लोक विलायतेकडे पाहतात. तिकडच्या जुन्या सुतारांच्या मोठ्या पेट्या साधारण 38 इंच लांब, 24 रुंद, 24 उंच असत. उंची चोवीसच का? उभ्याने वाकल्यावर हात तळाला लागावा आणि मनुष्य डोक्यावर आत पडू नये म्हणून. आत अर्ध्या रुंदीचे सरकते खण, एकावर एक. कल्पना उत्तम आहे. आता हिशेब करा. पाऊण इंचाला एक सूत जास्त, एवढ्या जाडीच्या फळ्या धरल्या तर अशा पेटीत सुमारे अडीच घनफूट सागवान जाते आणि रिकाम्या पेटीचे वजन पंचेचाळीस किलोंच्या घरात पोहोचते. हत्यारे भरल्यावर ती उचलायला चार माणसे आणि एक सल्ला देणारा लागतो. पेटीला कड्या लावाव्यात की नाही, असा प्रश्न पुष्कळ जण विचारतात. लावाव्यात, शोभा येते.

एवढ्या मोठ्या पेटीला लागणारी हत्यारे आपल्याकडे नाहीत, ही शंका मनात आणू नये. इंग्लंडात रॉचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयात बेंजामिन सीटन नावाच्या तरुणाची पेटी आहे. वडिलांनी 1796 च्या अखेरीस लंडनहून त्याला हत्यारांचा भरगच्च संच घेऊन दिला, पोराने 1797 मध्ये त्यासाठी देखणी पेटी केली आणि पुढे त्या हत्यारांना फारसा हात लावला नाही. ती जवळजवळ कोरी राहिली म्हणून तर आज अभ्यासक ती पाहायला जातात. राबणाऱ्या सुतारांच्या पटाश्या घासून घासून बोटभर उरल्या आणि भंगारात गेल्या. त्यांना संग्रहालयाने विचारले नाही. आपली वाटचाल सीटनच्या दिशेने चालू असेल तर माप खुशाल मोठे धरावे.

बाकीच्यांनी खंडेनवमीपर्यंत थांबावे. त्या दिवशी घरातले प्रत्येक हत्यार बाहेर निघते, पुसले जाते, हळदकुंकू आणि झेंडूचे फूल लागते. पूजा झाली की ती सगळी ओटीवर शेजारी शेजारी मांडावीत. ज्यावर गेल्या खंडेनवमीचे कुंकू अजून दिसते ते बाजूला काढावे. ज्यावर गंज आहे तेही. उरले त्यांच्याभोवती खडूने चौकोन आखावा. हाच पेटीचा तळ. हा चौकोन बहुतेकदा साबणाच्या खोक्याएवढा भरतो, आणि यामुळे ही पद्धत अचूक असूनही लोकप्रिय नाही.

एका ओळखीच्या सुतारदादांना मोठ्या पेटीचा आराखडा दाखवला. त्यांनी गोणपाट खाली ठेवले. त्यातून एक रंधा, तीन पटाश्या आणि मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलेली करवत डोकावत होती. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी कागदावर काहीतरी मोजल्यासारखे केले आणि विचारले, "साहेब, हिच्यात झोपनार कोन?"

आता पाऊस. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस जिथे पडतो तिथे पेटीचे माप हे उन्हाळ्यातले आणि पावसाळ्यातले असे वेगवेगळे असते. चोवीस इंच रुंदीचे सागवानी झाकण मे महिन्यात नेमके बसवले तर ऑगस्टमध्ये ते आडव्या अंगाने दीड-दोन सूत फुगते. सागवान त्यातल्या त्यात शहाणे. आंब्याच्या फळीचे तर नाव नको. झाकण चौकटीत घट्ट बसवणाऱ्याची हत्यारे दसऱ्यापर्यंत सुरक्षित राहतात, मालकापासूनसुद्धा. म्हणून दोन सुतांची मोकळीक ठेवावी, तळाला दोन इंचांच्या पट्ट्या ठोकून पेटी जमिनीपासून उचलावी आणि लोखंडाला तेलाचा हात फिरवावा. वाळवीला पेटीचे माप विचारण्याची गरज नसते. तिला सगळी मापे चालतात.

एक गोष्ट विलायती पुस्तके सांगत नाहीत. कोकणातल्या घरात सपाट पृष्ठभाग फार काळ मोकळा राहत नाही. अठरा इंच उंचीची पेटी म्हणजे बाकडे; पाहुणे तिच्यावर बसतात. चोवीस इंचांची पेटी म्हणजे टेबल; तिच्यावर चहाचे कप, विजेचे बिल, मे महिन्यात आमसुले वाळवायचे ताट. पटाशी हवी असेल तर आधी आमसुले हलवा, मग घरात परवानगी मागा. यावर उपाय एकच: झाकण उतरते करावे, आपल्या कौलारू पडवीसारखे. डच पद्धतीच्या पेटीला असेच झाकण असते, रुंदीही फुटाच्या आसपास असते, आणि ती दोघांना उचलता येते. घरातील ज्येष्ठांना हे झाकण आवडत नाही. त्यावर काही ठेवता येत नाही अशी त्यांची तक्रार असते. ती नम्रपणे ऐकून घ्यावी.

शेवटचे माप दाराचे. आतल्या खोलीचे दार अडीच फुटांचे असते, चौकट आणि कडीकोयंडा वजा जाता त्याहून कमी, आणि बाहेरच्या बोळात पेटी वळवायची असते. हे माप सर्वात आधी घ्यायचे. सर्व जण ते सर्वात शेवटी घेतात. पेटी आत तयार झाली असेल आणि दारातून निघत नसेल, तर खिडकीचे गज कापावे. त्यासाठी लोखंड कापायची करवत लागते. ती सुतारी हत्यारांत मोडत नसल्याने पेटीत तिला जागा ठेवलेली नसते. बाजारात फॅब्रिकेशनवाल्याकडे मिळेल. जेवणाच्या सुट्टीआधी जावे.