तेल, कोंबडी आणि तिसरा दिवस

आमच्या मंडळीच्या कमिटीने खोट्या शिकवणुकीवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे दिलं, त्याचा माझ्या आध्यात्मिक उंचीशी काही संबंध नव्हता. मी सहकारी संस्थांचा ऑडिटर. निवृत्तीनंतर कमिटीच्या चहाच्या बिलांवर शंका काढू लागलो होतो. मला दुसरीकडे कुठेतरी गुंतवावं, असं पाळकसाहेबांच्या मनात आलं असावं.

निमित्त झालं एका पाहुण्या उपदेशकाचं. ‘विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट घ्या’ म्हणत त्यांनी महिला मंडळाला अभिषिक्त तेलाच्या बाटल्या दिल्या, अर्थात दानपेटीकडे बोट दाखवून. एक बाटली आमच्याही घरी आली. नाक मुरडत मी ते तेल गुडघ्याला लावलं, आणि पंचाईत अशी की कळ खरंच कमी झाली. “बघा!” ही म्हणाली.

मी बायबलमधलं ‘अनुवाद’ हे पुस्तक उघडलं. संदेष्ट्याचं भाकीत फसलं तर तो खोटा, हे आपल्याला संडेस्कूलपासून पाठ असतं. पण त्याच पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात बजावलंय की चिन्ह खरं ठरलं तरी तो माणूस देवापासून दूर नेत असेल तर त्याचं ऐकू नका. म्हणजे गुडघा हा पुरावा नव्हे. हे मी हिला सविस्तर समजावलं. बाटली मात्र टाकली नाही.

मग नादच लागला. अमेरिकेतले उपदेशक पीटर पॉपॉफ भर सभेत अनोळखी माणसांची दुखणी सांगायचे. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी यांनी रेडिओ स्कॅनर लावला, तर पॉपॉफसाहेबांच्या कानातल्या यंत्रात त्यांच्या पत्नीच सगळी माहिती पुरवत होत्या. (बायकोने सांगितलेलं स्वतःचं म्हणून मीही खपवतो, पण देवाचं म्हणून नाही.) हॅरोल्ड कॅम्पिंग हे तर शिकलेले इंजिनियर. न्यायदिनाची २१ मे २०११ ही तारीख त्यांनी गणित करून काढली, ती टळल्यावर २१ ऑक्टोबरकडे बोट दाखवलं. बेरीज बरोबर असेलही, पण व्हाउचर कुठे होतं? ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असं मत्तयात चक्क लिहिलंय.

माझा जीव जडला तो ‘दिदाखे’वर. आरंभीच्या मंडळ्यांची ही छोटीशी नियमपोथी. तिचं हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये फिलोथिओस ब्रायेनिओस यांना सापडलं. फिरता प्रेषित आला तर त्याने एक दिवस राहावं, फार तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या भरात जेवण मांडायला सांगून तेच स्वतः जेवला, तरी खोटाच. ईश्वरविज्ञान बाजूला ठेवून थेट प्रवासभत्त्याची तपासणी! ऑडिटरला आणखी काय हवं?

नेवासे तालुक्यातल्या एका लहान मंडळीने कापणीच्या सणाला याच विषयावर बोलायला बोलावलं. मी नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवले. बिरुयाचे लोक पौलाचंही बोलणं रोज शास्त्राशी ताडून बघत, आणि लूक त्यांचं कौतुकच करतो, हेही सांगितलं. पुढच्या बाकावरची एक मुलगी वहीत उतरवून घेत होती. मला धन्य वाटलं.

संध्याकाळी परतायला एसटी होती. पण “आमच्या पाळकांपेक्षा सोपं सांगता” असं कुणी म्हटल्यावर एसटीत कोण चढतो? राहिलो. दुसऱ्या दिवशी घरोघरी प्रार्थना. सकाळी मी ‘मला वाटतं’ म्हणत होतो, दुपारी ‘शास्त्र म्हणतं’ म्हणू लागलो, आणि दिवेलागणीला तोंडून निघून गेलं, “प्रभूने मला दाखवलं.” दाखवलं होतं यूट्यूबने. आमेन म्हणून डोळे उघडायच्या आतच यजमानीणबाईंनी विचारलं, “रात्री काय करू?” मी मिटल्या डोळ्यांनीच म्हणालो, “गावठी कोंबडी.” सणाच्या लिलावात आलेल्या कोंबड्यांपैकी तांबडी माझ्या नजरेत भरली होती. पैसे मी मागितले नाहीत. एसटीचं भाडं हल्ली किती वाढलंय, एवढंच बोललो. दोनदा.

सकाळी ओसरीवर चहा घेत होतो. ती मुलगी वही घेऊन आली.

“आजोबा, आज तिसरा दिवस ना?”

तिने वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या होत्या. कोंबडीपुढची जरा ठळक होती. मी बाजू मांडली, “बाळ, पुढे त्याच पोथीत लिहिलंय, संदेष्ट्याला पिकाचं प्रथमफळ द्यावं.”

“खऱ्या संदेष्ट्याला,” ती म्हणाली.

सकाळचीच एसटी धरली. यजमानीणबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिली, वर ठेचा. मुलगी बघत होती. ठेच्याबद्दल दिदाखेत काहीच मनाई नाही, असं मी तिला घाईघाईने सांगितलं.

“बघून सांगते,” ती म्हणाली, आणि फडकं माझ्या हातातून घेतलं.